बिली बदलला की बापही बदलतो

‘बिली एलियट’च्या प्रयोगाला आज बिली कोण, हे तिकिटावर छापलेलं नसायचं. नाटकाचं नाव, तारीख, खुर्चीचा नंबर एवढं असायचं. पण ज्या पोराच्या खांद्यावर ते जवळपास तीन तासांचं नाटक उभं, त्याचं नाव लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमध्ये शिरल्यावर तिथल्या फलकावरच वाचायला मिळायचं. आजचा बिली अमुक, आजचा मायकल, म्हणजे बिलीचा दोस्त, तमुक. ज्यांनी नाटक आधी पाहिलंय ते त्या फलकापाशी घुटमळायचे. पहिल्यांदा आलेले सरळ आईस्क्रीमच्या रांगेत.

‘बिली एलियट’ हे संगीत नाटक तिथं मे २००५ मध्ये सुरू झालं आणि एप्रिल २०१६ पर्यंत चाललं. संगीत एल्टन जॉनचं. संहिता आणि गाणी ली हॉलची. मूळ सिनेमाही त्यानंच लिहिलेला, आणि दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री व नृत्यदिग्दर्शक पीटर डार्लिंग हेही सिनेमातलेच. गोष्ट १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपातली. इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम परगण्यात एक कोळशाचं गाव. आई वारलेली, बाप आणि थोरला भाऊ संपावर, आजीला विसरभोळेपणानं घेरलेलं. घरच्यांनी मुष्टियुद्ध शिकायला पाठवलेला धाकटा पोरगा चुकून बॅलेच्या वर्गात अडकतो आणि तिथंच रमतो. त्याला रॉयल बॅले स्कूलच्या परीक्षेला पाठवायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण ज्या घरात चूल पेटायची पंचाईत, तिथं तो प्रश्न ‘एवढाच’ राहत नाही.

हे नाटक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बिलींच्या आळीपाळीबद्दल काही ठाऊक नव्हतं. नंतर वाचत गेले तसं कळलं. इंग्लंडमध्ये लहान मुलांना रंगमंचावर उभं करायचं तर स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, मुलांबरोबर सतत सांभाळणारी माणसं लागतात, कामाचे तास आणि सलगचे दिवस यांना मर्यादा असते. आठवड्याला आठ प्रयोग एका मुलानं करणं कायद्यात बसत नाही, आणि बसलं असतं तरी त्याचे गुडघे टिकले नसते. म्हणून एका वेळी तीन-चार मुलं ही भूमिका वाटून घ्यायची. आज जो नाचतोय त्याच्याखेरीज आणखी एक जण इमारतीत तयार बसलेला. मधेच पाय मुरगळला तर दुसरा अंक त्यानं करायचा. अगदी सुरुवातीचे तिघे, जेम्स लोमस, जॉर्ज मॅग्वायर आणि लियाम मोअर, यांना २००६ चं ऑलिव्हिए, म्हणजे ब्रिटिश रंगभूमीचं मानाचं पारितोषिक, तिघांत मिळून दिलं. न्यूयॉर्कमध्येही २००९ चं टोनी पारितोषिक असंच तीन मुलांना एकत्र. परीक्षकांनी हात टेकले असणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आणि मग वय. मुलगा उंच झाला की, किंवा आवाज फुटला की, बिलीपण संपलं. आपल्याकडं गंधर्वयुगात हेच होतं. पोरगा स्त्रीभूमिकेत रंगायला लागला की कंपनीच्या मालकाला त्याच्या गळ्याची धास्ती. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले, तेव्हा थिएटरात भाऊरावांची शकुंतला कानांत साठवलेली मंडळी बसलेली असणारच. ती काय म्हणाली असतील, याचा अंदाज मला माझ्या दुसऱ्या प्रयोगाच्या रात्री आला.

पहिल्या वेळचा बिली म्हणजे वीज होती. अंगानं काटक, जिम्नॅस्टिकमधून आलेला असावा. उभ्याउभ्या मागं कोलांटी घेऊन मांजरासारखा पायांवर यायचा. पहिल्या अंकाच्या शेवटी एक संतापाचा नाच आहे. परीक्षेची संधी हुकलेली, घरात भांडण, भावाला पोलिसांनी सडकून काढलंय, आणि बाप म्हणतोय, नाच बंद. पोरगा ओरडतो आणि टॅपचे, म्हणजे तळाला पत्रा लावलेले नाचाचे बूट जमिनीवर आपटत सुटतो. समोर दंगलविरोधी पोलिसांच्या ढालींची भिंत. त्या भिंतीवर तो स्वतःला अक्षरशः फेकतो, पडतो, पुन्हा उठतो. त्या मुलानं हा नाच असा केला की मध्यंतराचे दिवे लागले तरी माझ्या शेजारचे गृहस्थ उठले नाहीत. मीही नाही. घरी येऊन मी ज्याला त्याला सांगत सुटले, की असा मुलगा पुन्हा होणे नाही.

वर्षभरानं आई आली. ती शाळेत असल्यापासून संगीत नाटकं पाहत आलेली. नाट्यपदं तिला पाठ, आणि कोणत्या गायकानं कुठल्या जागेवर काय घेतलं याची तिची मतं ठाम. तिला इथलं काही दाखवायचं तर हेच, असं माझं आधीपासून ठरलेलं. तिकिटं काढली ती वरच्या सज्जातली. तिथून रंगमंच विहिरीत डोकावल्यासारखा दिसतो, पण नाच पाहायला तीच जागा बरी. पायांचे आकार, रांगा, वर्तुळं सगळं उलगडतं.

थिएटर १९११ चं, फ्रँक मॅचमनं बांधलेलं. त्याच्या घुमटावर सोनेरी रंगाची एक नर्तकी आहे, अ‍ॅना पाव्हलोव्हा. मूळ पुतळा दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सुरक्षेसाठी उतरवला तो हरवलाच; आत्ताचा २००६ साली बसवलेला. बॅले शिकू पाहणाऱ्या पोराचं नाटक खाली चालू असताना वर बॅलेची महाराणी पुन्हा उभी राहावी, हा योग मला फार आवडतो. आईला दाखवला तर ती म्हणाली, “छान आहे, पण आत चल, गारठलेय.”

फलकावर नाव वेगळं होतं, हे अपेक्षितच होतं. आधीचा मुलगा मधल्या काळात नाटकातून बाहेर पडला, हे मला माहीत होतं. तरी ते नाव वाचताना कपाळाला आठी पडलीच. हॉटेलात आवडीचा पदार्थ संपलाय म्हणून वेटर दुसरं काही सुचवतो, तेव्हा पडते तशी. बाकी नावं वाचली. बाप तोच. बॅलेच्या बाई, मिसेस विल्किन्सन, त्याच. भाऊ, आजीसुद्धा त्याच. म्हणजे नेपथ्य, दिवे, वाद्यवृंद आणि मोठी माणसं होती तशीच. फक्त मधला मुलगा बदललेला. त्या रात्री पुढं जे काही वेगळं वाटलं, ते त्या एका पोरामुळंच, असं म्हणायला मला म्हणून धीर होतो.

नाटक सुरू होतं ते जुन्या बातमीपटानं. १९४७ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, त्या आनंदाची दृश्यं. मग खाणकामगारांचं समूहगान, आणि त्यातून संपाची ठिणगी. आईला इंग्रजी उत्तम कळतं, पण उत्तरेकडची ही बोली माझ्याही डोक्यावरून जाते. दहा मिनिटांत तिनं कानाशी विचारलं, “ही मुलं सारखं काय म्हणतायत?” मी म्हटलं, “शिव्या देतायत.” “एवढाल्या पोरांना शिकवल्या?” “शिकवाव्या लागल्या नसतील.” त्यावर ती हसली आणि मग तिनं शब्दांचा नाद सोडला.

नवा बिली स्टेजवर आला आणि मी वही उघडून बसलेल्या मास्तरणीसारखी झाले. उंची जास्त. खांदे पुढं झुकलेले. चालताना हात कुठं ठेवावे हे न कळणारा. पहिल्या गाण्यात आवाज नितळ, पण बेताचा. बॅलेच्या वर्गातला प्रसंग फार देखणा रचलाय: एकीकडं छोट्या मुलींचा वर्ग, दुसरीकडं संपकरी आणि पोलिसांची झटापट, आणि हे दोन्ही एकाच नाचात एकमेकांतून जातात, पोलिसाचं शिरस्त्राण मुलीच्या डोक्यावर, खाणकामगार मुलींच्या रांगेत. आधीचा मुलगा या गर्दीतून बाणासारखा जायचा आणि नजर त्याच्यावरून हलायची नाही. हा मात्र हरवला. मला दोनदा त्याला शोधावं लागलं. मनात म्हटलं, झालं. आईला मी ज्याचं कौतुक ऐकवलंय तो हा नव्हे.

आणि संतापाचा नाच खरंच उणा पडला. त्याचं टॅप स्वच्छ नव्हतं. ढालींवर आदळताना तो स्वतःला जपत होता, असं वरून स्पष्ट दिसलं. टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या, पण त्या मेहनतीला होत्या. हे मी नंतरच्या कौतुकात विसरणार नाही. हा नाच ज्याला जमतो त्यालाच जमतो, आणि या मुलाचा तो नव्हता.

मध्यंतरात मी आईला आधीच्या मुलाबद्दल सांगू लागले तर तिनं हात केला. “तुझा तो मुलगा मी बघितलेला नाही, त्यामुळं तू गप्प बस. हा मुलगा मला आवडतोय. नाचतो बेतानं, पण बापाकडं किती बघतो!”

मी हे पाहिलंच नव्हतं. मी पायांकडं बघत होते.

दुसऱ्या अंकात मी चेहऱ्याकडं बघायचं ठरवलं. वरच्या सज्जातून ते सोपं नाही. भाड्याची छोटी दुर्बीण खुर्चीच्या पाठीला लावलेली होती, तिच्यात नाणं टाकलं. अंक उघडतो तो नाताळच्या कार्यक्रमानं. त्यात संपाच्या वेळच्या पंतप्रधान थॅचरबाईंवर एक बोचरं गाणं आहे. ८ एप्रिल २०१३ ला त्या वारल्या, त्या रात्रीच्या प्रयोगात हे गाणं म्हणायचं की गाळायचं यावर प्रेक्षकांचं मत घेतलं होतं आणि ते गाणं झालं होतं. आईला हे सांगायला मी वाकले, तिनं पुन्हा गप्प केलं.

त्याच समारंभात दारू चढलेला बाप उभा राहून एक संथ, जुन्या वळणाचं गाणं म्हणतो. बायकोची आठवण. आधीच्या खेपेला या गाण्यात बिली कुठं होता हे मला आठवतच नाही. असेल कोपऱ्यात. या वेळी दुर्बिणीत मी मुलाला धरून ठेवला. तो बापाकडं बघत होता, पण सरळ नाही. बघायचा, मग बुटांकडं, मग पुन्हा. बापाचा आवाज अडखळला तसा त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिथंच थांबला. बापाच्या नटालाही ते दिसलं असावं. पुढची ओळ त्यानं मुलाकडं वळून म्हटली. दिग्दर्शनात लिहिलेलं होतं की त्या रात्रीच झालं, मला ठाऊक नाही. परिणाम असा झाला, की ज्या माणसाला मी पहिल्या वेळी नाचाला आडवा येणारा आडमुठा म्हणून पाहिलं, तो आता बायको गेल्यावर या पोराशी काय बोलावं हे न कळलेला माणूस दिसायला लागला. नट तोच होता.

सगळे गेल्यावर बिली एकटा राहतो आणि ‘स्वान लेक’ या बॅलेच्या संगीतावर त्याच्या स्वप्नातला मोठा बिली येतो. दोघं एकत्र नाचतात, खुर्च्या हातात घेऊन फिरवतात, आणि मग मोठा त्याच्या पाठीला तार अडकवतो आणि पोरगा हवेत तरंगतो. तार लपवलेली नाही. दिसते, आणि तरी काही बिघडत नाही. आधीचा मुलगा हवेत गिरक्या घ्यायचा त्या सर्कशीतल्या झुल्यावरच्यासारख्या, श्वास रोखायला लावणाऱ्या. हा नुसता हात पसरून राहिला. त्याला गिरक्या घेता येत नव्हत्या असं नाही, घेतल्या. पण त्यांच्यामध्ये त्यानं जे थांबणं ठेवलं होतं तेच डोळ्यांत राहिलं. त्याची मूळ शिकवण बॅलेची असणार, हे तेव्हा कळलं. पहिल्या अंकात टॅपनं जे झाकलं होतं ते इथं उघडं पडलं. खाली उतरला, वळला, तर समोर बाप उभा. आपल्या मुलाला काय येतं, हे त्या बापाला पहिल्यांदाच दिसतंय. आईनं माझा हात धरला आणि जोरात दाबला.

आता ‘इलेक्ट्रिसिटी’. हे गाणं म्हणजे या नाटकाचा कळस. परीक्षा झालेली, बिलीनं तिथं एका मुलाला ठोसा लगावलेला, सगळं फसल्यात जमा. निघता निघता एक परीक्षक विचारते, नाचताना तुला काय वाटतं? तो उत्तर देऊ लागतो, उत्तर गाण्यात जातं, गाणं नाचात. या नाचाची गंमत अशी, की पीटर डार्लिंगनं तो प्रत्येक बिलीसाठी त्याच्या त्याच्या अंगाप्रमाणं बेतून दिला. गाणं एकच, पण ज्याची कोलांटी चांगली त्याच्या नाचात कोलांट्या, ज्याची गिरकी चांगली त्याला गिरक्या. आपल्याकडं चाल तीच ठेवून गायकाच्या गळ्याप्रमाणं जागा बदलतात, त्याच जातीचं हे.

त्यामुळं उत्तरही बदलतं. पहिला मुलगा सांगत होता, मी पेटतो. कोलांट्या, उड्या, शेवटी जमिनीवरून भिरभिरत जाणं. परीक्षकांना नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि त्यात थोडं नाट्य कमी झालं होतं, असं आता वाटतं. एवढ्या मुलाला कोण नाकारेल? हा दुसरा मुलगा सुरुवातीला गायला तेव्हा वरच्या स्वराला त्याचा आवाज किंचित चिरकला. त्यानं तो सावरला नाही, तसाच पुढं नेला. मग एका पायावर गिरक्या सुरू केल्या, आधी सावकाश, मग वेग वाढवत, हात आत घेत. मोजायला गेले आणि मोजणं सुटलं. त्याचं उत्तर पेटण्याचं नव्हतं. त्या झुकलेल्या खांद्यांच्या मुलाला हात कुठं ठेवायचे हे अखेर कळलं होतं. पहिल्या प्रवेशापासून तो ते अवघडलेपण वागवत होता ते या क्षणासाठी, असं म्हटलं तर कदाचित मी त्या मुलाला जास्तच श्रेय देतेय. बारा वर्षांच्या मुलाचे हात तसेही लोंबतच असतात.

टाळ्या थांबेनात. वाद्यवृंदाचा संचालक हात वर धरून वाट बघत राहिला. आई माझ्याकडं वळून म्हणाली, “वन्समोअर देत नाहीत का इथं?” मी म्हटलं, नाही देत. “मग लोकांनी मागायला पाहिजे,” असं म्हणून ती टाळ्या वाजवत राहिली.

बिलीच्या आईच्या पत्राबद्दल एवढंच सांगते: तिनं मरण्यापूर्वी लिहून ठेवलेलं पत्र मिसेस विल्किन्सन वाचू लागतात आणि पोराला ते पाठ आहे. हा प्रसंग दोन्ही मुलांनी चांगला केला. तो वाईट करणं अवघड आहे. शेवटाकडं संप मोडतो आणि खाणकामगार डोक्यावरचे दिवे लावून खाली उतरतात. माझ्या आईनं संप जवळून पाहिलेले. ती मुंबईत गिरणगावाशेजारी नोकरी करायची, आणि १९८२ चा गिरणी संप तिच्या ऑफिसच्या खिडकीखालून गेला. तो प्रवेश चालू असताना ती काही बोलली नाही. नंतर ट्रेनमध्ये मात्र बराच वेळ त्याच संपाबद्दल बोलत राहिली. कोण गावाला परत गेलं, कुणाच्या मुलाची शाळा सुटली. बॅलेचं नाव नाही.

रंगमंचामागच्या दाराशी आम्ही थांबलो नाही, रात्र फार झाली होती. पण मी काही बिलींना पुन्हा पाहिलं आहे, वेगळ्या तऱ्हेनं. २८ सप्टेंबर २०१४ ला या नाटकाचा प्रयोग थिएटरमधून थेट सिनेमागृहांत दाखवला गेला. त्याच्या शेवटी आजी-माजी मिळून पंचवीस बिली एकदम रंगमंचावर नाचले. पहिल्या तिघांतला लियाम मोअर त्या दिवशी मोठा बिली म्हणून स्वप्नातल्या नाचात होता. तो पडद्यावर पाहताना गंमत वाटली, की यातले कित्येक जण एकमेकांचे ‘दुसरे’ आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला असे प्रेक्षक आलेच असतील, जे त्याच्या आधीच्याला मनात घेऊन बसले होते.

दोघांत उजवा कोण, असं कुणी विचारलं तर संतापाच्या नाचाला मी अजून पहिल्याचं नाव घेईन. विचार न करता घेईन. पण नाटक म्हणून सांगायचं, तर दुसऱ्या रात्री मला बाप मिळाला, आणि बाप मिळाल्यावर त्या गोष्टीत कोण काय सोडतंय याचा हिशोबच बदलला. पहिल्या रात्री एका गुणी मुलाची सुटका झाली होती. दुसऱ्या रात्री एक बाप आपल्या हातानं मुलाला लांब पाठवत होता, आणि पाठवून झाल्यावर स्वतः खाणीत परत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आईनं विचारलं, “तो तुझा पहिला मुलगा, कोलांट्यावाला, त्याचा प्रयोग कधी आहे? तोही बघून घेऊ म्हणजे झालं.”

मी सांगितलं, त्याचं काम संपलं. आवाज फुटला असणार, उंच झाला असणार.

“मग मागच्या वर्षीच बोलवायचं होतंस ना मला,” ती म्हणाली. “मी येत होते की. तूच म्हणालीस, थंडी फार आहे, उन्हाळ्यात ये.”